काळ्या चिमट्यावरची टोपली

दसरा झाला की माझ्या हातांना काळं व्हायची खाज सुटते. आपट्याची पानं अजून कपाटावर वाळत पडलेली असतात, दारावरचं झेंडूचं तोरण सुकून काथ्यासारखं झालेलं असतं, आणि मला कुठून तरी ग्रीसचा वास यायला लागतो. ग्रीस, सुकत घातलेले बोंबील, नुकत्या कापलेल्या भाताचा गवती दर्प आणि पत्रकांची ओली शाई, असा चारही बाजूंनी वास येतो. पनवेलच्या लोकांना विचारा, ते ऑक्टोबरला शिव्याच देतील. घामोळं, धूळ, विजेचा पत्ता नाही. मला मात्र हा उकाडा आला की पळत सुटावंसं वाटतं.

आज सकाळी मासळी बाजारात गेले होते. बर्फवाल्याच्या भिंतीला तीन सायकली टेकवलेल्या होत्या. साध्याच, काळ्या, दूधवाल्याकडे असतात तसल्या. पण तिन्हींच्या पुढच्या चाकावर लोखंडी कॅरिअर, त्यावर टोपलीचा ओला गोल डाग. कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. मी मध्येच उभी राहून दात काढून हसत होते.

एक कोळीण म्हणाली, "काय बाय, मासली घेनार हायस का सायकली मोजतेस?"

"बघते नुसतं."

"मंग बाजूला होऊन बघ. गिऱ्हाईक अडतंय."

बाजूला झाले. तीन वर्षांपूर्वी या तीन कॅरिअरच्या जागी एकच होतं, आणि ते बसवताना आम्ही जगातली बहुधा सगळ्यात महागडी चूक केली होती. ती मीच करवली होती, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी पाऊस सरता सरता खाडीकाठच्या गावाहून येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मासळीच्या टोपल्या घेणं बंद झालं. कारण काय, तर वास येतो! ज्यांना दुपारच्या ताटात तळलेली तुकडी पाहिजे त्यांनाच सकाळी खिडकीशेजारी तिचा वास नको. मी बावीस वर्षांची होते. आमच्या घरात मासळी शिजत नाही, वडील कचेरीत, आई वासाच्या बाबतीत तर फारच कडक. पण माणसाला वासावरून गाडीतून उतरवायचं नाही एवढी अक्कल मला त्या घरातच मिळाली होती. मी रातोरात पत्रक लिहिलं. 'वास कोणाचा? घाम कोणाचा?' ठळक अक्षरात. मला ठळक अक्षरांची फार हौस. आमच्या छोट्याशा संघटनेकडे मालमत्ता म्हणजे एक सतरंजी, एक कर्णा, बॅनर लावायच्या दोन लोखंडी सळ्या आणि माझी ही ठळक अक्षरं.

पत्रकं वाटली. निवेदन दिलं. बस तशीच. आजही तशीच आहे, हे लिहून ठेवा.

पण मथुराबायला निवेदनाच्या उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. मथुराबाय म्हणजे चाळिशीची, काटक, खाडीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरचा कुत्रा उठेल अशा आवाजाची कोळीण. तिची सासू गोदाबाय आयुष्यभर पनवेलच्या बाजारात एकाच जागी बसली: बर्फवाल्याच्या ओट्याला लागून, भिंतीच्या अंगाला. तिथे दुपारपर्यंत सावली असते. सावली म्हणजे काय ते मासळी विकणाऱ्यालाच कळतं. सावलीतला पापलेट बारा वाजताही ताठ असतो, उन्हातला दहालाच मान टाकतो. त्या वर्षी गोदाबायचे गुडघे गेले. तिने सुनेला सांगितलं, आता तू बस.

पण सासूने सांगून जागा मिळत नाही. बाजाराचा रिवाज वेगळा आहे. नारळी पौर्णिमेला दर्याचा हंगाम उघडला की दसऱ्यापर्यंत कुणी कुठेही बसावं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मात्र, ऊन ओट्याच्या पायरीवर चढायच्या आत जी जिथे बसेल ती जागा तिची, पुढच्या पावसापर्यंत. गोणपाट टाकून चालत नाही. पोराला बसवून चालत नाही. स्वतःचं बूड आणि पुढ्यात स्वतःची मासळी. कागद नाही, सही नाही, आणि तरी कधी मोडत नाही. आमच्या संघटनेच्या घटनेत सतरा कलमं होती आणि सतराही आम्ही मोडलेली.

बस नाही. टेंपो भरल्याशिवाय हलत नाही. डोक्यावर टोपली घेऊन चालत यावं तर पोचेपर्यंत ऊन पायरीवर. भाद्रपदभर मथुराबाय चालत आली आणि रोज बाहेरच्या बाजूला, उन्हात बसली. बुधवार जवळ येत होता.

म्हणून मी सायकली मागितल्या. मुंबईच्या एका क्लबाला पत्र धाडलं: कष्टकरी महिलांसाठी वापरलेल्या सायकली द्या. आणि आल्या की हो! एका रविवारी टेंपोतून दोन सायकली उतरल्या. पाहुणे आले, हार आले, कॅमेरा आला. पाहुण्यांनी स्त्रीच्या गतीवर अर्धा तास भाषण केलं. मी मात्र सायकलींकडे बघत होते. परदेशी, शर्यतीच्या. मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली हँडलं. करंगळीएवढे टायर. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही, आणि कॅरिअर तर नाहीच नाही! ज्या बाईला टोपली न्यायची आहे तिला कॅरिअर नसलेली सायकल. दान करणाऱ्याने एकदा तरी विचारावं की, बाई, तू नेणार काय आहेस? पण दान करणारे विचारत नाहीत. ते फोटो काढतात.

मथुराबायने टायर दोन बोटांत दाबून बघितला. म्हणाली, "ह्या चाकाला कोन जेवायला घालत नवता काय?"

पाहुण्यांना वाटलं ती आभार मानतेय. ते हसले, ती हसली, फोटो निघाला.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही सायकली ढकलत रज्जाकभाईंच्या दुकानात नेल्या. रज्जाकभाई म्हणजे वडिलांच्या वेळेपासून पनवेलमध्ये सायकली दुरुस्त करणारा माणूस. पांढरी दाढी, काळी नखं, आणि पाना हातात धरायची पद्धत अशी की जणू कलम धरलंय. दुकानासमोर लगेच गर्दी जमली. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, समोरचा शिंपी. मला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं होतं. अन्याय दिसला की माझं रक्त तापतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण पाना-पकड दिसली तरी तापतं हे मला त्या दिवशी कळलं.

"पुढे कॅरिअर पाहिजे, चाचा. दोन्हींना."

"पुढे का बेटा? मागे लावू. दुनिया मागे लावते."

मथुराबाय दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिने तिथूनच तोफ डागली. "दुनियेला घार लागत नाय. टोपली मागं ठेवली का घार नेते, कावला नेतो, मांजर नेतं. आनि गलती ती मासलीच्या पान्याची धार सायकलीच्या साखलीवर. माजी टोपली माज्या डोल्यासमोर पायजे."

रज्जाकभाईंनी मान डोलावली. "माकूल बात आहे."

कॅरिअर म्हटलं की पुढच्या चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या त्या दोन पायांना, कान असावे लागतात, भोकं असलेले छोटे लोखंडी कान, ज्यांत बोल्ट जातो. या चिमट्यांना कानच नव्हते. दोन काळे, गुळगुळीत, चकचकीत पाय. रज्जाकभाई म्हणाले, काही हरकत नाही, पितळ वितळवून कान डागतो. डागायचा दिवा पेटवणार एवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते थांबले. त्यांच्याकडे आमच्याच फुटक्या कर्ण्याचा लोहचुंबक पडलेला होता. त्यांनी तो सायकलच्या मधल्या दांडीला लावला. टक्क करून चिकटला. चिमट्याला लावला. घसरून खाली पडला. परत लावला, परत पडला. गर्दीतून "ओ!" निघाली.

"ॲल्युमिनियम," शिंपी म्हणाला. शिंप्यांना सगळं माहीत असतं.

रज्जाकभाईंनी कानस घेऊन एका कोपऱ्यात अगदी हळू घासलं. चांदीसारखा कीस नाही निघाला. काळी पूड निघाली, शिसपेन्सिलीच्या पुडीसारखी. त्यांनी ती बोटावर घेतली, वास घेतला आणि दिवा लांब सारला. "तौबा! हे लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही. आग लावली असती तर राख झाली असती. काय आहे हे, बेटा?"

सायकलीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मी ती उघडली, ठळक मथळे वाचले आणि जाहीर केलं: "कार्बन फायबर! विमानाला वापरतात! लोखंडाहून मजबूत!" मोर्चात घोषणा द्यावी तसं. पोरांनी टाळ्याच वाजवल्या. पनवेलच्या रस्त्यावर विमानाचा तुकडा! मथुराबायने तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. ती चिमट्याकडे बघत होती, नवरा नवी होडी आणतो तेव्हा बायको बघते तशी.

"चाचा, यांचा चिमटाच बदलून आपला लोखंडी घाला ना," कुणीतरी म्हणालं.

"बसत नाही. वरच्या नळीचं माप वेगळं, चाकाचं वेगळं. विलायती आहे, जनाब, सगळं वेगळं."

मग उपाय निघाला तो माझा. नळाच्या पाइपाला भिंतीवर धरून ठेवायला लोखंडी पट्ट्या असतात ना, तसल्या पट्ट्या चिमट्याच्या पायांभोवती आवळायच्या आणि त्यांना कॅरिअर जोडायचं. रज्जाकभाई कुरकुरले. पण मी त्यांच्या मागेच लागले. दसरा तोंडावर आला होता, बुधवार त्याच्या मागे उभा होता, आणि माझ्या डोक्यात मोर्चाच चालू होता. त्यांनी पहिल्या सायकलीला पट्ट्या लावल्या, कॅरिअर बसवलं. मी त्यावर पत्रकांचा गठ्ठा ठेवला. पट्टी थोडी घसरली.

"आवळा," मी म्हटलं.

आवळलं. अजून केसभर घसरली.

"अजून आवळा, चाचा! सैल सोडलं की सगळं जातं."

रज्जाकभाईंनी पान्याला एक वेढा दिला. कुठेतरी टिक झालं. छोटंसं. काडेपेटीतली काडी मोडावी तेवढं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रंगाचं असेल. कॅरिअर आता पक्कं होतं, हलत नव्हतं, आणि मला तेवढंच दिसत होतं. मी सायकल घेऊन वडाळे तळ्याकडे एक चक्कर मारून आले. संध्याकाळ होती, तळ्यावर चतुरांचे थवे, पाण्यात केशरी आभाळ, पुढ्यात पत्रकांचा गठ्ठा, आणि सायकल कसली, वाराच! मी मोठ्याने ओरडलेसुद्धा. एक आजोबा दचकले. सांगते तुम्हाला, फुटलेल्या चिमट्यावर बसून मी तेवढा आनंद केला. दात पडले नाहीत हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी मथुराबाय सायकल न्यायला आली. आधी बसलीच नाही. उकिडवी होऊन तिने हातातल्या चांदीच्या बांगडीने चिमट्याच्या एका पायावर वरपासून खालपर्यंत टिचक्या मारल्या. टिन्, टिन्, टिन्. मग दुसऱ्या पायावर. टिन्, टिन्, टप्. पट्टीपाशी टप्. पुन्हा वर जाऊन खाली आली. टिन्, टिन्, टप्.

"ह्यो पाय बोलतो," ती म्हणाली. "ह्यो मुका जाला."

"म्हणजे?"

"म्हंजे फुटला. आतून."

मी भडकले. खोटं कशाला सांगू, खूपच भडकले. विमानाला वापरतात, पुस्तिकेत लिहिलंय, मी स्वतः चालवली, तुमच्या बांगडीला काय कळतं, असं सगळं बोलले. रज्जाकभाईंनी मान खाली घातली.

मथुराबाय उठली, कमरेवर हात ठेवले. "पोरी, दोन वर्सं जाली, आमची होडी फायबरची हाय. लाकडाची गेली. कापड घालतात, वर रसायन ओततात, सुकलं का दगडासारकं होतं. पन त्याला चिमटीत धरून दाबलं का आतल्या आत फाटतं. वरनं दिसत नाय. माजा दादला रोज सकाली बोटाची पेरं आपटून होडी आयकतो, मंग पान्यात घालतो. फुटक्या होडीत तो बसत नाय. मी ह्याच्यावर कशी बसू?"

रज्जाकभाईंनी पट्टी सोडवली. खाली एक रेघ होती. केसाएवढी, आडवी, पायाला अर्धा वेढा घातलेली.

मग मी पुस्तिका उघडली. मथळ्यांच्या खालचं वाचलं. बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी, स्पष्ट लिहिलेलं होतं की या चिमट्याला कसलीही पट्टी आवळू नये. मी ते वाचलंच नव्हतं. माझी अशी समजूत होती की बारीक अक्षरात लिहिणारे लोक फसवायला बसलेले असतात; वीजबिलापासून नोटिशीपर्यंत तेच बघितलेलं. म्हणून मी बारीक अक्षराचा निषेध म्हणून ते वाचतच नसे! दुसऱ्यांनी ठळक लिहावं, मी ठळक वाचावं. या एका निषेधापायी मी एक सायकल मारली होती आणि मथुराबायचे दात माझ्या हातून थोडक्यात वाचले होते.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मराठीत. शेवटी म्हटलं, "चाचा, तुम्ही नको म्हणत होतात. मीच आवळायला लावलं."

रज्जाकभाई म्हणाले, "पाना माझ्या हातात होता, बेटा. आवाज मीही ऐकला." एवढंच.

त्या दुपारी दुकानात जे घडलं ते आठवलं की आजही माझ्या पायाला मुंग्या येतात. एकच सायकल उरली होती. दसरा परवावर. आम्ही तिघं त्या काळ्या चिमट्यासमोर जमिनीवर बसलो होतो. मथुराबायने डबा उघडला होता, तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. रज्जाकभाईंनी एक तुकडा घेतला, मीही घेतला. आईला आजवर सांगितलेलं नाही. आता छापून येईल, तेव्हा कळेलच.

मथुराबाय खाता खाता म्हणाली, "होडीला इंजिन बशिवतात ते काय तिच्या कातड्यावर नाय बशिवत. खाली जाड लाकूड असतंय, त्याच्यावर. कातडं पानी अडवतं. वजन हाडानं घ्यायचं."

रज्जाकभाईंचा घास थांबला. "हाड," ते म्हणाले. "हड्डी कुठे आहे याची?"

त्यांनी लोहचुंबक बाजूला सारला आणि नखाने चिमटा तपासायला सुरुवात केली. खालची टोकं, जिथे चाकाची दांडी बसते, ती कार्बनची नव्हती. ॲल्युमिनियमची. वर, जिथे दोन पाय एकत्र येतात आणि ब्रेकचा बोल्ट आरपार जातो, तिथेही ॲल्युमिनियम. कार्बन होता तो फक्त मधल्या दोन पायांत. "वल्ला!" रज्जाकभाई ओरडले. शिंपी मशीन सोडून धावत आला. "खाली दांडीवर वजन, वर ब्रेकच्या भोकात लगाम. पायाला हात लावायचाच नाही!"

पण दांडीपासून वरपर्यंत वजन न्यायला दोन सरळ सळ्या पाहिजेत. एवढ्या लांबीच्या, एवढ्या कडक. कुणाकडे आहेत? मी उठले आणि पळत सुटले. दसऱ्यानंतर आमचा मोर्चा निघायचा होता, बॅनर तयार होता, तो लावायच्या सळ्या माझ्या पलंगाखाली होत्या. बॅनर उतरवून मी सळ्या घेऊन आले. संघटनेत नंतर माझी हजेरी घेतली गेली. बॅनर दोन पोरांनी हातात धरून चालवला, आणि जरा वाकडाच चालवला. चालतं.

रज्जाकभाईंनी सळ्यांची टोकं ऐरणीवर ठोकून चपटी केली, भोकं पाडली. चाकातली ती खिट्टीवाली पोकळ दांडी काढून आपली साधी भरीव दांडी घातली, दोन्ही बाजूंना नट. सळ्यांची भोकं त्या दांडीवर बसली. वर ब्रेकच्या भोकातून लांब बोल्ट नेऊन कॅरिअरला एक पट्टी जोडली. सळ्या पायांपासून बोटभर दूर, मध्ये हवा. मी मध्येच म्हणायला गेले, "अजून जरा..." आणि दोघांनीही माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तोंड मिटलं. मग त्या शिंगांच्या हँडलाला रजा देऊन सरळ हँडल लावलं. वर एक घंटी.

कॅरिअरवर विटा ठेवल्या. एक, दोन, तीन. चाक फिरवलं. सायकल रस्त्यावर आपटून बघितली. विटा उतरवल्या, मथुराबाय उकिडवी झाली. टिन्, टिन्, टिन्. दुसरा पाय. टिन्, टिन्, टिन्.

"बोलते!" ती म्हणाली.

त्यानंतरचे सात-आठ दिवस माझ्या आठवणीत एकाच लांब सकाळीसारखे आहेत. मथुराबायला सायकल येत नव्हती! हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. करंजाड्याच्या पुढे, खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधावर शिकवणी सुरू झाली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, पिवळं, वाकलेलं. पलीकडे खाडीचं शिशासारखं पाणी. विळ्याची करकर, बगळे, आणि मधोमध लुगड्याचा काचा मारून सायकलवर बसलेली एक कोळीण आणि मागे सीट धरून धावणारी मी. लोक म्हणतात नऊवारीत सायकल चालवता येत नाही. कोळणीचं लुगडं बघा एकदा. ते विणणाऱ्याने नाही पण नेसणारीने सायकलसाठीच काढलंय. मधल्या दांडीची मला काळजी होती. ती म्हणाली, "होडीच्या काठावरनं पाय टाकते मी, तितं तर लाटा असतात. ही दांडी काय हालते काय?"

ती पडली. चिखलात, भातात, एकदा माझ्यावर. भात कापणारे बाप्ये विळे थांबवून हसत. "काय मथुरे, विमान उतरलं काय?"

"उतरलं! तुज्या बायकोला पाठव, बशिवते!"

आणि मग एका सकाळी मी सीट सोडली आणि तिला ते कळलंच नाही. ती बांधावरून सरळ निघून गेली, मोठ्याने माझ्याशी बोलत, मी मागेच आहे असं समजून. मी बांधावर उभी राहून उड्या मारत होते. निवेदनं दिली, घोषणा दिल्या, भाषणं केली, पण असं पोटातून काही उसळलेलं मला आठवत नाही. दूर जाऊन ती वळली, मी नाही हे बघितलं, आणि अशी शिवी हासडली की बगळे उडाले.

बुधवारी मी पहाट फुटायच्या आत बाजारात होते. ओट्याची पायरी अजून निळ्या सावलीत. बायका येऊ लागल्या, टेंपोतून, हातगाड्यांवरून. बर्फ फुटत होता. सुंदराबाय म्हणून एक जाडजूड बाई आली, टोपली घेऊन त्या भिंतीच्या जागेशी घुटमळू लागली. तिचं काही चूक नव्हतं, रिवाज तोच. पण मी सरळ जाऊन त्या जागी बसले.

"ऊठ," सुंदराबाय म्हणाली. "तुज्या पुढ्यात काय हाय? पत्रकं? ती तलून खायची का उकडून?"

सगळा बाजार हसला. मी उठले. रिवाज म्हणजे रिवाज. ऊन समोरच्या छपरावरून खाली सरकत होतं. सुंदराबायने टोपली खाली ठेवली, पण अजून बसली नव्हती. चुंबळ सारखी करत होती. मी रस्त्याकडे बघत होते, उन्हाकडे बघत होते. गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा धूर, मग काही नाही.

मग घंटी. सलग, न थांबता, जणू बोट घंटीला चिकटलंय.

मथुराबाय गल्लीत शिरली ती ब्रेक न लावता. पुढ्यात टोपली, टोपलीवर ओलं फडकं, नजर टोपलीवर, डोक्यावर एक घार गिरक्या घेत सोबत आलेली. लोक भिंतीला चिकटले. ती उतरली नाही, उडीच मारली. सायकल माझ्या अंगावर ढकलली, टोपली उचलली आणि सुंदराबायच्या टोपलीला कोपराने बाजूला सारून भिंतीला पाठ लावून खाली बसली. पायरीवर ऊन आलं तेव्हा तिने फडकं काढलेलं होतं. खाली पापलेट, चांदीसारखे, ताठ.

सुंदराबायने डोक्याला हात लावला. "मेली, विमानानं आयली!" आणि हसत हसत बाजूच्या जागी बसली.

मला भाषण करायचं होतं. खरंच, तयारही होतं. पण मथुराबायने धाप टाकत मला जवळ बोलावलं. "सायकल ने. घरी जा. म्हातारीनं काल रातीपासनं तोंडात काय घातलं नाय. तिला सांग."

मी निघाले. रिकामं कॅरिअर पुढे, त्याला मासळीच्या पाण्याचा ओलावा, पाठीवर ऊन. करंजाड्याची शेतं, खाजणाचा बांध, कापलेल्या भाताच्या पेंढ्या. दोन मांजरं माझ्या मागे धावत आली. बसच्या थांब्यावर आमच्या शेजारच्या काकू उभ्या होत्या, त्यांनी नाकाला पदर लावला. मी घंटी वाजवली.

गोदाबाय दाराच्या उंबऱ्यात बसली होती, पाय पसरून, गुडघ्यांवर दोन्ही हात. सायकल दिसताच तिने मान वर केली. मीच ओरडले, "बसली!"

"कुटं?"

"ओट्याला. भिंतीच्या अंगाला."

"सावलीत?"

"पूर्ण सावलीत. टोपलीसकट."

म्हातारीने डोळे मिटले. मला राहवेना. मी सांगायला लागले, की कसं वजन सगळं दांडीवर येतं आणि चिमट्याच्या पायाला काही लागत नाही, की रज्जाकभाईंनी सळ्यांची टोकं कशी चपटी केली, की ऊन कसं पायरीशी आलेलं होतं. ती थोडा वेळ ऐकत होती. मग तिने हात वर केला.

"भवानी कोनी केली?"

"काय?"

"पैलं गिऱ्हाईक, बाय. पैला मासा कोनी घेतला? पुरुस का बाई? न्हेमीचा का नवा? घासाघीस केली का नाय?"

"ते... ते मी बघितलं नाही."

"बगितलं नाय!" गोदाबाय उंबऱ्याला हात टेकून ताठ झाली. "साठ वर्सांची जागा, पैला दिवस, आनि भवानी बगितली नाय! मंग काय बगत होतीस? चाकं?"

चाकंच बघत होते.

"जा," ती म्हणाली. "इचारून ये. मी तवर चाय करते."

मी सायकल वळवली.